सोवळ्यातलं मत

माझी सासू ही माझी सख्खी आत्या. आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांत यात काही नवल नाही. बापाच्या बहिणीकडे मुलगी दिली की घरातलं भांडण घरातच राहतं, असा जुना हिशेब. त्यामुळे झालं काय, की मी तिला सासू म्हणून घाबरायचं विसरले आणि ती मला सून म्हणून जपायचं विसरली. आम्ही दोघी जे बोलतो ते तोंडावर. आमचं मराठी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात, तुमचं बोलणं जुन्या बखरीतलं वाटतं म्हणतात. आत्या 'लवकर' म्हणत नाही, 'बेगीन' म्हणते, आणि मला हाक मारताना 'अगं' न म्हणता 'गे' म्हणते. हसोत बापडे. इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढून पोटात सांबारभात आणि तोंडात मराठी टिकवून धरलं, हे काय थोडं झालं?

मी एका खासगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आठवीला नागरिकांचे हक्क आणि कर्तव्यं असा एक धडा आहे. मुलांना हक्क चटकन पाठ होतात, कर्तव्यांपाशी गाडी अडते. दरवर्षी मी तो धडा तावातावानं शिकवते आणि घरी आल्यावर त्यातलं थोडं आत्यालाही ऐकवते. ती भाजी निवडता निवडता ऐकून घेते आणि शेवटी विचारते, हे सगळं पुस्तकात खरंच लिहिलंय का गे, की तू पदरचं घालतेस?

तिचं विचारणंही बरोबर होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, होते तोवर आमच्या घरात हक्क त्यांचे आणि कर्तव्यं बाकीच्यांची, अशी सुटसुटीत वाटणी होती. बाजारातून कोणती भाजी आणायची, पंखा कितीवर ठेवायचा, कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नाही, सगळं ते ठरवत. माणूस वाईट नव्हता हं. कधी कुणाला टाकून बोलले नाहीत, घरात कुणी आजारी पडलं तर उशाशी बसून राहत. पण दुसऱ्यालाही मत असू शकतं, ही गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातलीच नव्हती. निवडणूक आली की आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून ते घरातल्या प्रत्येकाला कुणाला मत द्यायचं ते सांगत, आणि मतदान करून आलो की एकेकाला विचारत. आत्या मान खाली घालून म्हणायची, तुम्ही सांगितलं त्यालाच. मग ते समाधानानं कॉफी मागत.

ते गेल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. एका दुपारी आम्ही दोघी केळफूल सोलत बसलो होतो. बोटं काळी झाली होती. कशावरून तरी निवडणुकीचा विषय निघाला आणि आत्या अगदी सहज म्हणाली, "मी त्यांच्या माणसाला कधीच मत दिलं नाही."

मला वाटलं, एखाददुसऱ्या वेळेबद्दल बोलतेय. विचारलं तर म्हणाली, एकदाही नाही. ते ज्याचं नाव घेतील तो सोडून दुसऱ्या कुणावरही शिक्का मारायचा, पुढे यंत्रं आली तेव्हा दुसरं कुठलंही बटण दाबायचं. कोण उभा आहे, काय करणार आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "त्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड ते येऊ शकत नव्हते ना," ती म्हणाली. "तेवढी जागा माझी."

मी केळफूल खाली ठेवलं. आधी मला हसू आलं. लग्नापासून म्हातारपणापर्यंत या बाईच्या मालकीचं काय, तर दर काही वर्षांनी मिळणारा एक पुठ्ठ्याचा आडोसा, आणि तिथेही ती जायची ती खोटं बोलायची तयारी करून. माझे काळे हात तसेच धरून बसून राहिले.

आणि मग निवडणूक जाहीर झाली. मामंजी गेल्यानंतरची पहिली. मला वाटलं होतं, आत्या खुशीत असेल. कसलं काय. ती दोन दिवस गप्पगप्प होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत असताना तिनं मला दारात गाठलं आणि विचारलं, "आता मी कुणाच्या विरुद्ध टाकू?"

अडचण खरीच होती. उलटं करायला आधी कुणीतरी सुलटं सांगावं लागतं. मी म्हटलं, आता तुझं तूच ठरव. ती म्हणाली, तेच तर कधी केलं नाही. पण मग ती कामाला लागली आणि अशी लागली की विचारू नका. वर्तमानपत्र आमच्याआधी तिच्या हातात जायचं. टीव्हीवरच्या भांडणांना ती भजनाला बसावं तशी मांडी घालून बसायची. दारावर उमेदवार येऊन हात जोडू लागले की हिचा प्रत्येकाला तोच प्रश्न: आमच्या गल्लीतलं गटार पावसात उंबऱ्यापर्यंत येतं, ते तुम्ही स्वतः कधी पाहिलंय का? एक जण प्रश्नाला बगल देऊन तिच्या पायाच पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले आणि त्याला सांगितलं की वाकायचं नंतर बघू, आधी गटाराकडे वाकून बघा. संध्याकाळी मला एकेकाचे गुणदोष सांगायची, मी काही सुचवायला गेले की तोंडावर हात ठेवायची. तिला या वेळी कुणाचं काही ऐकायचं नव्हतं, माझंही नाही. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःचं मत स्वतः ठरवत होती आणि मला वाटतं, त्या महिन्यात ती दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली होती.

हे सगळं चाललेलं असताना माझ्या नवऱ्यानं पंचांग उघडलं आणि डोक्याला हात लावला. मामंजींच्या श्राद्धाची तिथी नेमकी मतदानाच्या दिवशी आली होती. जिवंत असताना माणूस आत्याला मोकळेपणानं मत देऊ देत नव्हता, आता वरूनही तारीख बघून खोडा घालतोय, असं मी म्हटलं. नवरा रागावला. आत्या मात्र तोंडाला पदर लावून हसली.

श्राद्धाची भानगड जरा सांगायला हवी. आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात होतो, मडी म्हणतात त्याला. न्हाऊन, उंच काठीवर वाळत घातलेलं कुणी न शिवलेलं लुगडं नेसायचं, आणि ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला शिवायचं नाही. तसं झालं तर पुन्हा न्हाणं, पुन्हा सगळं. श्राद्ध दुपार कलली की करायचं, त्याआधी घरातल्यांनी काही खायचं नाही. एरवी हे रांधप मी आणि आत्या मिळून करतो. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसं आदल्याच दिवशी मी बाहेरची झाले.

तशी आमच्या घरात एरवी पाळी पाळत नाहीत. पाळायची म्हटली तर महिन्यातले चार दिवस घर जेवणार काय? पण श्राद्धाच्या दिवशी आत्या कुणाचं ऐकत नाही. पुढच्या खोलीला लागून एक अरुंद पडवी आहे, त्या दिवशी ती माझी जागा. स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, सगळ्यांचं झालं की तिथेच मला पान मिळणार. वर्गात समतेचा धडा शिकवणारी बाई मी. दर वेळी मी यावरून भांडते आणि दर वेळी हरते. खरं सांगू? उडदाचे वडे, तिळाचे लाडू, खीर, कारलं, गवार, कच्च्या केळ्याची भाजी, तीही मिरची न घालता मिरीवर केलेली, एवढं सगळं चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात रांधायचं चुकलं की मला आतून थोडं बरंही वाटतं. तत्त्व आणि आळस एकाच पाटावर बसले की माणूस फार ओरडत नाही.

मार्ग मीच सुचवला. मतदान सकाळी सातला सुरू होतं. उठल्याबरोबर तिघांनी जाऊन मत देऊन यायचं, मग आत्यानं न्हायचं, सोवळं नेसायचं आणि चूल पेटवायची. श्राद्धही झालं, मतदानही झालं. सगळ्यांना पटलं. शेजारच्या गल्लीतल्या प्राथमिक शाळेत आमचं केंद्र होतं. आम्ही उजाडता उजाडता निघालो, रांगेत पुढे उभे राहिलो, सात वाजले आणि यंत्र चालेना.

अधिकाऱ्यांनी तारा काढून परत लावल्या. रांगेतल्या एका रिक्षावाल्यानं सल्ला दिला की एकदा बंद करून चालू करा. तेही झालं. मग कळलं की दुसरं यंत्र कुठूनतरी यायचंय. आठ वाजले. रांग फाटकाबाहेर गेली, ऊन चढलं आणि आत्याची चुळबूळ सुरू झाली. घरी डाळ भिजत घातलेली होती, ती आंबली असती. एकटीनं सगळा स्वयंपाक करायचा होता. शेवटी ती मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन परत फिरली. मला कुठे रांधायचं होतं? मी तिथेच थांबले. दुसरं यंत्र आलं, दहाच्या सुमारास माझा नंबर लागला. घरी येऊन मी पडवीतूनच तिला शाई लावलेलं बोट दाखवलं. तिनं त्या बोटाकडे एकदा पाहिलं आणि वड्याचं पीठ जोरजोरात फेटायला लागली.

मी म्हटलं, संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे, ब्राह्मण तीनपर्यंत जेवून उठतील. तीही तेच धरून चालली होती. पण बारा वाजले, एक वाजला, ब्राह्मणांचा पत्ता नाही. भटजी गोविंदपुरम्‌हून यायचे होते आणि जेवायला बसणारे दोघे तिरुनागेश्वरम्‌हून. नवरा धोतर नेसून, उपाशी, दर थोड्या वेळानं ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघून जायचा. फोन लागत नव्हते. तीन वाजत आले तेव्हा दोन स्कूटर दारात थांबल्या आणि तिघे घामाघूम उतरले. उशीर का, तर त्यांच्याही केंद्रांवर रांगा होत्या. घरी न जाता रांगेतून तडक इकडे आलो, म्हणाले. भटजींनी मला अभिमानानं शाईचं बोट दाखवलं. आधी राष्ट्र, मग बाकी सगळं, असंही म्हणाले. मग त्यांनी अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि आत जाऊन पाटावर बसले. नवऱ्याच्या बोटात दर्भ आला, मंत्र सुरू झाले.

मी पडवीत बसून हिशेब मांडला. मंत्र, होम, मग वाढणं, ब्राह्मणांचं सावकाश जेवण, पिंड, मग निरोप. नंतर आत्या लुगडं बदलणार, तिचे दुखरे गुडघे, आणि रांग. काही जमत नव्हतं. आत्यानंही तोच हिशेब मांडला असणार. कारण ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की वाढायची वेळ येईपर्यंत तासभर आहे, तेवढ्यात मी मत देऊन येते.

मंत्र थांबले. भटजींनी समजुतीच्या सुरात सांगितलं की अम्मा, एका मतानं काही सरकार पडत नाही. बाहेर गेलात की मडी गेली, परत येऊन न्हा, लुगडं बदला, तोवर वेळ टळेल, ब्राह्मण उपाशी, पितर उपाशी. आधी राष्ट्र म्हणणारा माणूस हाच का, ते मी पडवीतून डोकावून पाहिलं. तोच होता. नवरा बिचारा दोन्हीकडून अडकलेला. तो म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला दे."

"पुढच्या खेपेला मी असेन की नाही, ते तुझ्या बापाला विचार," आत्या म्हणाली. "आत्ता येतीलच."

तिनं स्वयंपाक झाकून ठेवला, चुलीवरची खीर उतरवली आणि पडवीच्या दाराशी येऊन मला म्हणाली, "चल गे. बेगीन."

आता ही आमची वरात कशी निघाली ते ऐका. आत्याला अजून आशा होती की कुणाला न शिवता जाऊन न शिवता परत येता येईल. म्हणजे तिला कुणी शिवायचं नाही, आणि मी तर मुळीच नाही. पण ऊन मी म्हणत होतं आणि ती सकाळपासून उपाशी. मी छत्री घेतली, हात शक्य तेवढा लांब केला आणि सावली तिच्यावर पडेल असं धरून तिच्यापासून चार पावलं दूर चालायला लागले. सावली काही ऐकेना. कधी ती गटारावर पडायची, कधी भिंतीवर, एकदा तर रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यावर पडली आणि ते कृतज्ञतेनं तिथेच उताणं झालं. आत्या उन्हातच. समोरून कुणी आलं की मी तमिळमध्ये ओरडायची, जरा बाजूला व्हा. लोकांना वाटायचं कुणी आजारी आहे. एकानं तर विचारलं, अँब्युलन्स बोलावू का?

केंद्रावर बायकांची रांग बरीच होती. मी मत दिलेलं, मला आत जाता येईना, म्हणून फाटकाशी उभी राहिले. आत्या रांगेच्या शेवटी गेली आणि पुढच्या बाईपासून चांगलं हातभर अंतर ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं दोन मुली आल्या. त्यांना वाटलं रांग तिथेच संपली. त्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या. आत्यानं पुन्हा हातभर अंतर ठेवलं. मग एक फूलवाली आली आणि तीही मध्येच शिरली. तिची काही चूक नव्हती. रिकामी जागा दिसली की माणूस उभा राहणारच. अर्धा तास असाच गेला. रांग पुढे सरकत होती आणि आत्या होती तिथेच होती. मी फाटकातून हातवारे करत होते, म्हातारी आहेस, सरळ पुढे जा, वयस्कांना सोडतात. ती मान हलवून नाही म्हणत होती. पुढे जायचं म्हणजे सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं.

साडेचार होत आले असतील. लांबून आणखी एक घोळका फाटकाकडे येताना तिला दिसला. तिनं त्या घोळक्याकडे पाहिलं, पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि मग एक पाऊल पुढे टाकून ती त्या फूलवालीला अगदी चिकटून उभी राहिली. खांद्याला खांदा. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी ओढलं नव्हतं. तिनं स्वतः केलं. फूलवालीनं वळून तिचं लुगडं पाहिलं, चेहरा पाहिला, आणि स्वतःच आरडाओरडा करून तिला सगळ्यांच्या पुढे नेऊन सोडलं. जाताना फूलवालीचा हात आत्याच्या पाठीवर होता. आत्यानं तो हात झटकला नाही.

ती आत गेली. मी बाहेर. यंत्राचा आवाज येतो ना, लांबच लांब, तो काही येईना. पुढच्या बायका कुजबुजायला लागल्या, म्हातारीला बटण सापडत नसेल. मला मात्र माहीत होतं की तिला बटण सापडलं होतं. तिला घाई करायची नव्हती. मी देवाचं नाव घेत उभी राहिले, जे स्वतःचं मत देतानाही मी घेतलं नव्हतं. मग तो आवाज आला.

बाहेर आली तेव्हा तिचं बोट ओलं होतं आणि डोळेही. मला वाटलं ती रडतेय. जवळ आल्यावर कळलं की हसतेय. मी विचारलं, कुणाला दिलंस? ती म्हणाली, "ते विचारायचं नसतं. तूच शिकवतेस ना मुलांना?" आणि गुडघा दुखला म्हणून तिनं माझा दंड धरला. दिवसभरात पहिल्यांदा ती छत्रीच्या सावलीत आली. मी तिला शिवाशिवीची आठवण करून दिली नाही. अशा वेळी तोंड उघडणं हा निव्वळ मूर्खपणा.

घरी सगळे वाट बघत बसले होते. मंत्र केव्हाच संपले होते. भटजी म्हणाले, अम्मा, आता बेगीन न्हाऊन घ्या, वेळ टळत चालली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिनं त्या तिघांच्या डाव्या हातांकडे पाहिलं. तिन्ही बोटांवर शाई होती.

"तुम्ही कुठे न्हालात?" तिनं विचारलं.

भटजींना प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी हात उपरण्याखाली घेतला. ती कुणावर रागावली नव्हती. उलट अगदी साधेपणानं तिनं विचारलं, की रांगेत तुम्हांलाही माणसं शिवलीच असतील, शाई लावायला कुणीतरी बोट धरलंच असेल, आणि तुम्ही नळावर पाय धुऊन बसलात, मंत्रही झाले. माझ्या नवऱ्यानं खाली पाहिलं, मला वाटतं त्याला हसू आवरत नव्हतं. भटजी काहीतरी बोलायला लागले, प्रवासाला वेगळा नियम आहे, आपद्धर्म आहे. जेवायला बसलेल्यांपैकी जे वयस्कर होते, ते इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "वाढा अम्मा. भूक लागलीय."

आत्यानं त्याच नळावर हातपाय धुतले आणि वाढायला घेतलं.

पडवीतून मी हे सगळं ऐकत होते आणि माझं रक्त उसळत होतं. फूलवाली चालली, शाई लावणारी चालली, भटजी चालले, आत्या स्वतः चालली. मग राहिलं कोण? मी उठून दाराशी गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग आत्या, माझं काय?"

तिच्या हातात खिरीचा डाव होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि वळून ब्राह्मणांच्या पानावर खीर वाढायला लागली. मी परत येऊन बसले. रडू आलं मला, आणि ते रडू रागाचं होतं. स्वतःचा हक्क मिळाला की माणसाचं काम झालं, असं मी मनाशी म्हटलं. वर्गात याच गोष्टीवर मी तावातावानं बोलते आणि माझ्याच घरात माझी सख्खी आत्या. त्या घटकेला ती मला अजिबात आवडत नव्हती.

ब्राह्मण जेवले, तृप्त झालो म्हणाले, पिंड झाले, दक्षिणा घेऊन स्कूटर गेल्या. जाताना भटजी नवऱ्याला म्हणाले की पळा, अजून वेळ आहे, आणि तो खरंच पळाला, कपाळावर गंध, कमरेला धोतर खोचलेलं. फाटक बंद व्हायच्या आत पोचला म्हणे. दिवस मावळायला आला तेव्हा तो परतला आणि आतल्या खोलीत आत्यानं पानं मांडली. मी बाहेर भिंतीला टेकून बसले होते. भूक मेली होती.

आतून पावलं आली. आत्या होती. एका हातात माझं पान, दुसऱ्या हातात तिचं. दोन्ही पानं तिनं पडवीत शेजारी शेजारी मांडली, कुरकुरत गुडघे वाकवले आणि माझ्या मांडीला मांडी लागेल अशी खाली बसली.

मी म्हटलं, "आत बोलवायचं होतंस की मला."

"ते नाही होत गे माझ्यानं," ती म्हणाली. "तुला आत घ्यायला मन धजत नाही. अजून नाही. पण मला बाहेर यायला कोण अडवतंय?"

तिनं माझ्या पानावरचा एक वडा मोडून पाहिला, आतून कच्चा राहिलाय म्हणून स्वतःलाच बोल लावला आणि जेवायला सुरुवात केली. आम्ही दोघी जेवत राहिलो. आत माझा नवरा एवढ्या मोठ्या खोलीत एकटाच पाटावर बसला होता. थोड्या वेळानं तिथून त्याचा आवाज आला, मीही तिकडे येऊ का?

"पान घेऊन ये," आत्या म्हणाली, "आणि खिरीचं पातेलंही आण. आत आता कुणी वाढायला येणार नाही."